आवतन देणारे चाक

मी एक जुनी बैलगाडी आहे. मित्रांनो, तुमच्यातल्या काहींनी मला पाहिलेही असेल. मुंबई-आग्रा रस्त्यावर सोनगीरचा किल्ला दिसू लागला की एक मोठे हॉटेल लागते. त्याच्या दारात सिमेंटच्या ओट्यावर मला कायमचे उभे केले आहे. माझी चाके लाल-पिवळ्या रंगाने रंगवली आहेत. माझ्या फळ्यांवर फुलांच्या कुंड्या ठेवल्या आहेत. तुम्ही माझ्यावर चढता, पाय हलवत बसता आणि तुमचे वडील तुमचा फोटो काढतात.

तुम्हाला वाटत असेल, या गाडीने कापूस वाहिला असेल, लग्नाची वऱ्हाडे नेली असतील. कापूस मी थोडी वर्षे वाहिला. वऱ्हाड एकदाही नेले नाही. माझे आयुष्य गेले ते मेलेली जनावरे वाहण्यात. तुम्ही जिथे बसता, तिथेच ती निजलेली असत. घाबरू नका. मी आता स्वच्छ आहे. पण आज तुम्हाला माझी गोष्ट ऐकवायची आहे, कारण ती माहीत असलेली माणसे आता फारशी उरलेली नाहीत.

माझा जन्म गिरणा नदीच्या काठी, पाचोऱ्यापासून जवळच्या एका गावात झाला. तेव्हा ऐंशी साल नुकतेच उलटले होते. जीवराम सुताराने बाभळीच्या लाकडाचे आरे तासले. सातपुड्यातल्या सागाच्या फळ्या बसवल्या. लोखंडाची धाव लालभडक तापवून चाकावर चढवली आणि वर पाणी ओतले. वाफेचा लोट उठला. मी तयार झाले. फक्त माझे डावे चाक पहिल्या दिवसापासून कुरकुरत होते. एक लांब, चिरका आवाज. ऐकणाऱ्याला वाटे, कोणी तरी कोणाला दुरून हाक मारत आहे.

पहिली काही वर्षे मी शेतातून जिनिंगमध्ये कापूस नेला. मग मालकाने ट्रॅक्टर घेतला आणि मला गावच्या पांजरापोळीला दान देऊन टाकले.

मित्रांनो, पांजरापोळ म्हणजे म्हाताऱ्या, लंगड्या, टाकून दिलेल्या गुरांचे घर. तिथे कुठलेही जनावर विकत नाहीत, मारत नाहीत. ते आपल्या मरणाने मरेपर्यंत त्याला सांभाळतात. राजस्थानातून पूर्वी कधी तरी येऊन गावात स्थिरावलेल्या जैन व्यापारी घराण्यांनी ती चालवली होती. कापडाचे दुकानदार गौतमचंद तिचा कारभार पाहत. पण पांजरापोळीचा जीव होत्या त्यांच्या विधवा, पांढऱ्या लुगड्यातल्या काकू, धनकुंवरबाई. एखादे जनावर शेवटचे श्वास घेऊ लागले की त्या त्याच्या कानाशी बसत आणि नवकार मंत्र म्हणत. जनावराचा श्वास थांबला तरी त्या लगेच उठत नसत. मंत्र पुरा करत आणि मगच म्हणत, "उखर्डूभाऊ, गाडी आणा."

उखर्डू माझा गाडीवान. हडकुळा, कमी बोलणारा, आणि बोललाच तर चिमटा काढून बोलणारा माणूस. मला ओढायला आधी बैल जुंपले होते. पण वास येताच ते जू टाकून मागे सरत. शेवटी उखर्डूने एक रेडा आणला. त्याला कशाचीच पर्वा नव्हती. आमचा रस्ता ठरलेला होता. पांजरापोळीच्या मागच्या दारातून बाजारपेठेच्या कडेने नदीपर्यंत, आणि तिथून हाडांच्या माळावर. मेलेल्या जनावराचे कातडेसुद्धा विकायचे नाही, असा पांजरापोळीचा नियम होता. जनावर जसेच्या तसे माळावर ठेवायचे आणि मागे न पाहता परत फिरायचे.

माळावर नदीच्या अंगाला एक प्रचंड सादडा होता. सादडा म्हणजे अर्जुनाचे झाड. त्याच्यावर गिधाडे राहत. इतकी, की झाडाचे खोड त्यांच्या विष्ठेने चुना फासल्यासारखे पांढरे झाले होते. लोक त्यांना अशुभ समजत. घराच्या धाब्यावर गिधाड बसले तर शांती करून घेत. मला मात्र ती ओळखीची होती. मी बाजारपेठेतून निघाले की माझ्या फळ्यांवरून सावल्या सरकू लागत. मोठ्या, रुंद, टोकाशी बोटे फुटलेल्या सावल्या. मला मान वर करता येत नाही. मी त्यांना सावल्यांवरूनच ओळखत असे.

एकदा मी दुकानासमोरून जाताना गौतमचंद वैतागून बाहेर आले.

"अहो उखर्डूभाऊ, त्या चाकाला जरा वंगण घाला! गिऱ्हाईक सोळा हात म्हणतं, मला साठ हात ऐकू येतं."

"नही शेठ," उखर्डू म्हणाला. "हाऊ आवाज नही, आवतन शे. हाऊ ऐकीसनच पाव्हणा येतस."

"तुमचे पाहुणे आवतनाशिवाय जेवत नाहीत वाटतं!"

"मानपानवाला शेतस ना. व्यापारी थोडाच शेतस, बलावा न बलावा, हजर!"

गौतमचंद हसत आत गेले. माझ्या चाकाला वंगण मिळाले नाही.

गिधाडांचे काम मी जवळून पाहिले आहे. ती उतरत तेव्हा वारा फाटल्यासारखा आवाज होई. मग भांडण, फडफड, ओरडा. सकाळी मी म्हैस उतरवून यावे आणि संध्याकाळी तिथे फक्त स्वच्छ हाडे असावीत. दुर्गंधी नाही, माश्या नाहीत. पावसाळ्यात माळावरून नदीत जाणारे पाणी निर्मळ असे. कुत्री तिकडे फिरकत नसत, कारण त्यांच्यासाठी काही उरतच नसे. एवढे मोठे काम ती फुकट करत आणि गाव त्यांना अशुभ म्हणत असे.

नव्वद साल मागे पडून काही वर्षे झाली होती. गुरांना सुया टोचणारा पितांबर कंपाउंडर एक दिवस नवी बाटली घेऊन पांजरापोळीत आला. एक बैल सांधे आखडून पडला होता. रात्रंदिवस हंबरत होता. पितांबरने त्याला सुई दिली. उन्हे कलेपर्यंत बैल उठला आणि गव्हाणीत तोंड घालून चारा खाऊ लागला.

धनकुंवरबाईंच्या डोळ्यांत पाणी आले. "पितांबर, हे अंगात गेलं की वेदना जाते?"

"जातेच जाते, अक्का. माणसाच्या गुडघ्यालासुद्धा हेच देतात."

"मग आजपासून इथला एकही जीव कण्हत मरायचा नाही. आधी सुई, मग नवकार. वेदनेत मंत्र कानावर पडून काय उपयोग?"

तो पांजरापोळीचा रिवाजच झाला. जी जनावरे वाचण्यासारखी नव्हती, त्यांनाही शेवटच्या दिवसांत सुई मिळू लागली. ती शांतपणे मरत. मी त्यांना घेऊन माळावर जात असे. मित्रांनो, त्यात कोणाचीही वाईट बुद्धी नव्हती. इतकी माया मी दुसऱ्या कुठल्याही दारात पाहिली नाही.

पुढच्या दोन हिवाळ्यांत माझ्या फळ्यांवरच्या सावल्या विरळ झाल्या.

आधी उखर्डूला वाटले, पाहुणे दुसऱ्या गावी गेले असतील. मग त्याने झाडावरची गिधाडे नीट पाहिली. ती बसल्या जागी मान खाली सोडून देत. जणू मानेतले हाडच कोणी काढून घेतले आहे. भर दुपारी, वारा पडलेला असताना, सादड्यावरून काही तरी जड खाली पडे. धप्प. रेडा कान टवकारी. मग पुन्हा सगळे शांत. सादड्याखाली पिसांचा थर साचू लागला.

त्या माळाची शांतता मला आजही आठवते. मी चाक कुरकुरवत जात असे आणि वरून उत्तर येत नसे. उतरवलेली जनावरे तशीच पडून राहत. एक वासरू कित्येक दिवस पाय दुमडून निजल्यासारखे दिसत होते. आतून सगळे सडून गेले आणि वाळलेल्या कातड्याचे वासरू तसेच बसून राहिले. वारा आला की त्याच्या पोटातून शीळ वाजे. पावसाने झाडाच्या खोडावरचा पांढरा रंग धुऊन टाकला. सादडा दरवर्षी थोडा थोडा काळा होत गेला. मग कुत्री आली. ती आधी दूर बसत. पुढे ती माझ्यामागोमाग चालू लागली.

अखेर सादड्यावर एकच जोडी उरली आणि एकच घरटे. फाल्गुनात एका सकाळी आम्ही माळावर पोचलो, तेव्हा घरट्याची फांदी मोडून खाली आली होती. मादी झाडाच्या बुंध्याशी मरून पडली होती. नराचा पत्ता नव्हता. पाने आणि काटक्यांच्या ढिगात एक पिल्लू होते. अंगभर पिसे फुटलेले, पण अजून उडता न येणारे. भोवती कुत्र्यांनी कडे केले होते.

उखर्डूने काठी फिरवली. "हाऽऽड! मरेल खा, जित्तं सोडा!" त्याने पिल्लू आपल्या उपरण्यात गुंडाळले आणि माझ्या फळ्यांवर ठेवले. मी त्या माळावरून नेहमी रिकामी परतत असे. त्या दिवशी पहिल्यांदा मी भरलेली परतले.

पांजरापोळीच्या दारात गौतमचंद उभे होते.

"हे काय आणलंत?"

"जीव शे, शेठ."

"जीव आहे ते दिसतंय. पण याला खायला काय घालू? शिरापुरी? काकीसा, तुम्हीच सांगा! पांजरापोळीत मांस खाणारा पक्षी! उद्या सगळा समाज मला धारेवर धरेल."

धनकुंवरबाई पिल्लाजवळ आल्या. पिल्लाने मान वाकडी करून त्यांच्याकडे पाहिले. "गौतम, दारात आलेल्या जीवाला तू काय खातोस विचारून आत घ्यायचं असतं का?" त्या म्हणाल्या. "याच्यासाठी कोणाला मारायचं नाही. जे आपणहून मेलं, तेच द्यायचं. आणि कुंपणाच्या आत नाही, बाहेर. या गाडीवर."

"आणि हे कुठवर चालायचं?"

"उडेपर्यंत. हे उडेपर्यंत मी गोड खाणार नाही. माझा नेम."

गौतमचंद दुकानाकडे वळले. त्यांच्या काकीसांनी नेम घेतला की तो मोडत नाही, हे सगळ्या गावाला माहीत होते. आणि धनकुंवरबाईंना गोडाची किती आवड आहे, हेही.

अशा रीतीने मी त्या पिल्लाचे घर झाले. कुंपणाबाहेर निंबाच्या सावलीत ते माझ्या फळ्यांवर राहू लागले. काम निघाले की उखर्डू त्याला निंबाखालच्या बांबूच्या डालग्यात ठेवी आणि परतल्यावर मला धुऊन पुन्हा वर बसवी. त्या दिवसांत पांजरापोळीतले कुठलेही जनावर दगावले नाही. उखर्डू आसपासच्या गावांतून मेलेली जनावरे उचलून माळावर नेई आणि पिल्लाचा वाटा घेऊन येई. कुठे विहिरीत पडलेली शेळी, कुठे रस्त्यावर ट्रकखाली सापडलेले वासरू. तो पिल्लाला भरवत असताना धनकुंवरबाई पाठ करून, नाकाला पदर लावून बसत. हातात माळ असे.

"अक्का, इतला वास येस तं घर जा ना."

"खातोय का नीट, तेवढं सांगा."

"खास ना! जावाईसारखा खास. आखो मांगस!"

पदराआड त्या हसत. त्यांची माळ मात्र थांबत नसे.

पिल्लाने माझा आवाज ओळखला. मी परत येताना चाक कुरकुरले की ते डालग्यात पंख पसरून उभे राही. पुढे ते माझ्या जुवावर चढून बसू लागले. पंख हलवी. एकदा ते जुवावरून निंबाच्या खालच्या फांदीवर गेले आणि तिथून खाली न पडता उतरले. धनकुंवरबाईंनी टाळ्या वाजवल्या. वैशाख लागला होता. उखर्डू म्हणाला, "आते थोडाच दिन, अक्का. लापशीनी तयारी करा."

त्याच सुमारास मोत्या खाली बसला. धनकुंवरबाईंच्या नवऱ्याचा तेलाचा घाणा होता, तो या बैलाने ओढला होता. घाणा बंद पडला, नवरा गेला, मोत्या राहिला होता. आता त्याचे पाय उचलत नव्हते. पितांबर रोज येऊन सुई देत होता. मोत्या कण्हला नाही. एके दिवशी पहाटे धनकुंवरबाईंच्या मांडीवर मान ठेवून तो गेला.

मला आणले. मोत्याला माझ्यावर चढवताना धनकुंवरबाईंनी त्याच्या शिंगांना हात लावला. मग त्या म्हणाल्या, "उखर्डूभाऊ, आज पिल्लाला मोत्याचा वाटा द्या. तो जन्मभर आमच्यासाठी राबला. जाताना एक जीव उडवून गेला, तर त्याच्याइतकं पुण्य कोणाचं?"

त्या दिवशी त्यांनी पाठ केली नाही. पिल्लू खाताना त्या समोर बसून पाहत राहिल्या. ते पोट फुगेपर्यंत जेवले.

दुसऱ्या दिवशी ते जुवावर चढले नाही. माझ्या फळ्यांवर कोपऱ्यात बसले आणि हळूहळू त्याची मान खाली आली. ती मान मला ओळखीची होती. उखर्डूलाही. त्याने माझे डावे चाक हाताने फिरवले. चाक कुरकुरले. पिल्लाने मान थोडी वर केली. पुन्हा सोडून दिली. तो कितीतरी वेळ चाक फिरवत राहिला. "ऊठ रे भो, आवतन शे. ऊठ ना!"

धनकुंवरबाईंनी पितांबरला बोलावणे पाठवले. त्याने पिल्लाला उलटसुलट करून पाहिले. "अक्का, पाखराचं मला काही कळत नाही."

"त्याला दुखत असेल. ती सुई दे. कण्हू नको देऊस."

पितांबरने थोडेसे औषध भरून दिले. धनकुंवरबाई पिल्लाच्या कानाशी वाकल्या आणि नवकार म्हणू लागल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्या फळ्यांवर ते थंड होऊन पडले होते. पंख मात्र अर्धे उघडे होते.

त्याला माळावर न्यायचे ठरले. निघण्याआधी उखर्डूने वंगणाची नळी आणली आणि माझ्या डाव्या चाकात रिकामी केली. गौतमचंद पाहत होते. या वेळी ते हसले नाहीत.

"का हो, भाऊ?"

"आते कोनले बलावनं शे, शेठ?" उखर्डू म्हणाला.

मी आयुष्यात पहिल्यांदा आवाज न करता बाजारपेठेतून गेले. धनकुंवरबाई माझ्यामागे अनवाणी चालत होत्या. दुकानदार बाहेर येऊन उभे राहिले. एवढी सवय झालेला आवाज न आल्यामुळे ते दचकले होते.

त्यानंतर माळावर कुत्र्यांचेच राज्य झाले. ती रस्त्यावरच्या माणसांच्या अंगावर जाऊ लागली. जनावरे पुरायला खड्डे खणले गेले, न्यायला ट्रॉली आली. रिकामा सादडा वीटभट्टीसाठी तोडला. मला हॉटेलवाल्याने विकत घेतले. धनकुंवरबाईंनी पुढे कधीच गोड खाल्ले नाही. नेम पिल्लू उडेपर्यंतचा होता. ते उडाले नाही. दिवाळीला त्यांच्या ताटात बिनसाखरेचे दूध असे, हे मला उखर्डूने सांगितले. तो एकदा एस.टी. थांबली तेव्हा मला पाहायला इथे उतरला होता. त्यानेच सांगितले की त्या गेल्या.

पुढे बऱ्याच वर्षांनी पक्ष्यांचा अभ्यास करणारी काही मुले या हॉटेलात जेवायला थांबली. माझ्यावर बसून ती बोलत होती. देशभरातली गिधाडे का मेली, याचा शोध लागला होता. गुरांना दुखण्यावर देतात त्या एका औषधाने. डायक्लोफेनॅक असे त्याचे नाव. जनावर मेल्यावरही ते त्याच्या अंगात राहते. ते खाणाऱ्या गिधाडाचे मूत्रपिंड बंद पडते. त्याची मान खाली येते आणि ते मरते. आता गुरांना ते देण्यास बंदी आहे, असे ती मुले म्हणाली. मग त्यांचे जेवण आले आणि ती उठून गेली. मला मात्र मोत्याचे वजन पुन्हा फळ्यांवर जाणवले. धनकुंवरबाईंना हे कधीच कळले नाही. ते बरे झाले की वाईट, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

मित्रांनो, मी कोणाला दोष देत नाही. मी फक्त एवढे सांगते, की आपण एका जीवाला जे देतो ते त्याच्यापाशीच थांबत नाही. ते पुढे कोणाच्या तरी पोटात जाते. औषध असो, पिकावरची फवारणी असो, नदीत सोडलेले पाणी असो. म्हणून माया करताना एकदा विचारा, याच्यानंतर कोण जेवणार आहे?

आणि माझे एक काम करा. उन्हाळ्यात, रस्ता रिकामा असताना, भर दुपारी कधी कधी माझ्या फळ्यांवरून एक सावली सरकते. मोठी, रुंद, टोकाशी बोटे फुटलेली. सिमेंटमध्ये रुतलेले माझे डावे चाक तेव्हा न फिरताच कुरकुरते. हॉटेलातली माणसे म्हणतात, लाकूड तापले. मला मान वर करता येत नाही. तुम्ही माझ्यावर बसलेले असाल आणि तुमच्या मांडीवरून तशी सावली गेली, तर फोटो थोडा वेळ राहू द्या. वर पाहा. तिथे कोणी आहे का, ते मला सांगा.